ओळखीची चाल

॥ रामकृष्णहरि ॥



दिंडीत एक अभंग संपतो आणि दुसरा धरला जातो. धरणाऱ्याच्या तोंडातून पहिला शब्द पुरता बाहेरही पडलेला नसतो, तोच मागच्या रांगेतल्या टाळकऱ्याचे हात सरसावतात आणि पाऊल त्या चालीच्या वजनावर पडू लागते. त्याला विचारा, ‘बाबा, इतक्यात कसे ओळखलेस?’ तो हसून म्हणेल, ‘त्यात ओळखायचे काय? रोजचाच तर आहे!’

त्याचे उत्तर खरे आहे. पण ‘रोजचा’ होताना आपल्या आत काय घडलेले असते, आणि त्या रोजचेपणाचा माणसाला शेवटपर्यंत काय उपयोग होतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी अलीकडे या गोष्टीचा पुष्कळ शोध घेतला आहे. तो समजून घ्यावा आणि त्यातून आपल्या नित्यनेमाविषयी व घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी काही बोध घ्यावा, एवढाच आजच्या निरूपणाचा हेतू आहे.

स्मरण वेगळे, ओळख वेगळी

आपल्या शास्त्रकारांनी स्मृती आणि प्रत्यभिज्ञा अशा दोन गोष्टी निराळ्या मानल्या आहेत. वस्तू समोर नसताना केवळ मनावरच्या संस्काराने तिचे ज्ञान होते, ती स्मृती. वस्तू समोर आहे, इंद्रिय तिला भेटले आहे आणि त्याच क्षणी आतला जुना संस्कारही जागा झाला आहे, अशा दोघांच्या मिळणीने ‘हा तोच’ असे जे ज्ञान होते, ती प्रत्यभिज्ञा. म्हणजेच ओळख.

घरचाच अनुभव पाहा. एखाद्याला म्हणावे, ‘अमुक अभंगाचे तिसरे चरण सांग.’ तो डोके खाजवतो, काही केल्या आठवत नाही. पण भजनात तोच अभंग कोणी धरला की तिसरे काय, शेवटचे चरणही त्याच्या तोंडून आपोआप येते. स्मृती नाही म्हणाली, पण ओळख हजर होती. संस्कार आत होताच. त्याला जागे करायला कानावर पहिला सूर पडावा लागला.

सूर बदलले, चाल तीच

आता कानात काय होते ते पाहू. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती कानाच्या पडद्यावर आदळते, पडद्यामागच्या तीन चिमुकल्या हाडांतून आत जाते आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या एका नळीत पोहोचते. त्या नळीत केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी ओळीने बसलेल्या असतात. उंच सुराला नळीच्या तोंडाजवळच्या पेशी जाग्या होतात, खालच्या सुराला आतल्या टोकाच्या. तेथून नाडी तो निरोप मेंदूकडे नेते आणि कानशिलाच्या आत मेंदूचा जो भाग आहे तेथे सुरांचा चढउतार लावला जातो.

येथे एक शंका येईल. मेंदूने जर नुसते सूर साठवून ठेवले असते, तर मोठी पंचाईत झाली असती. आज पेटीवर काळी एकची पट्टी धरली, उद्या बुवांचा आवाज बसला म्हणून पांढरी सात धरली. कालचे सूर आज राहिले नाहीत. मग अभंग ओळखू कसा आला?

ऑस्ट्रियातले तत्त्वज्ञ ख्रिश्चन फॉन एरेनफेल्स यांनी १८९० साली एका निबंधात नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्यांचे म्हणणे असे की चाल ही सुरांची नुसती बेरीज नव्हे. सगळेच्या सगळे सूर बदलले तरी त्यांचे एकमेकांशी असलेले नाते कायम राहिले, तर चाल तीच राहते. आपल्याकडे देवदत्ताचा दृष्टांत प्रसिद्धच आहे. पूर्वी काशीत पाहिलेला देवदत्त आज गावच्या पारावर भेटला. ते स्थळ गेले, तो काळ गेला, अंगावरचा सदराही निराळा. तरी आपण म्हणतो, ‘हा तोच.’ विरुद्ध पडणारे अंश सोडले म्हणजे मूळचा देवदत्त तेवढा उरतो. वेदान्तात याला भागत्याग म्हणतात. आपला कान रोज भजनात पट्टीचा त्याग करतो आणि चाल तेवढी धरतो. ज्याने वेदान्ताचे नावही ऐकलेले नाही असा अडाणी टाळकरीही हे सहज करतो.

डोळ्याच्या बाहुलीची साक्ष

ही ओळख किती लवकर होते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पाच पुरुष आणि पाच स्त्रिया अशी दहा माणसे घेतली. प्रत्येकाचे एक आवडते, चांगले परिचयाचे गाणे निवडले आणि त्याच घाटाचे पण त्याने कधी न ऐकलेले दुसरे गाणे शोधले. दोन्ही गाण्यांचे सेकंदाहूनही लहान तुकडे करून ते उलटसुलट मिसळून त्यांना ऐकवले. ओळखा असे कोणाला सांगितले नव्हते. स्वस्थ ऐकत बसायचे एवढेच. एक यंत्र डोळ्याच्या बाहुलीवर नजर ठेवून होते आणि डोक्याला लावलेले बिल्ले मेंदूतल्या सूक्ष्म विजेची नोंद घेत होते.

मनात काही हलले की बाहुली रुंदावते. ओळखीच्या गाण्याचा तुकडा कानी पडल्यापासून सेकंदाच्या एक दशांश ते तीन दशांश भागात बाहुली अधिक रुंदावू लागली आणि त्यापाठोपाठ मेंदूतल्या विजेतही फरक दिसला. अपरिचित गाण्याला तसे झाले नाही. ज्यांना दोन्ही गाणी सारखीच परकी होती, अशा दुसऱ्या काही जणांत हा भेद आढळला नाही. दहाच माणसांचा प्रयोग आहे, तेव्हा त्यावर फार मोठी माडी बांधू नये. पण आपल्या टाळकऱ्याचे पाऊल पहिल्या अक्षरालाच का पडते, याचा उलगडा त्यातून होतो. ‘मी ओळखले’ असे मन म्हणेपर्यंत ओळख होऊनही गेलेली असते.

तेव्हा ओळखीचा गर्व करण्यासारखे आपल्यापाशी काही नाही. ती त्या क्षणीची हुशारी नसून मागच्या शेकडो दिवसांची पुण्याई असते. ज्याने काकड्याला उठण्याचा आळस केला, त्याला त्या चालीची ओळख ऐनवेळी कोठून मिळणार?

नाव सांगितले आणि चाल सापडली

दुसरा एक प्रयोग यापेक्षाही विचार करण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या डायना डॉइच या विदुषींनी तो १९७२ साली प्रसिद्ध केला. तिकडे पोराटोरांना पाठ असलेले ‘यांकी डूडल’ नावाचे गाणे आहे. डॉइचबाईंनी त्याचे सूर क्रमाने तेच ठेवले, लयही तीच ठेवली. पण एक सूर मंद्रात, दुसरा तारात, तिसरा मध्यात, असे तीन सप्तकांत विखरून वाजवले. षड्ज षड्जच होता, गंधार गंधारच होता. तरी ऐकणाऱ्यांना लहानपणापासूनचे गाणे ओळखता येईना! मग त्यांना गाण्याचे नाव सांगितले आणि तेच सूर पुन्हा ऐकवले. आता त्याच विखुरलेल्या सुरांतून त्यांना गाण्याचा माग लागू लागला.

सुरांत काही बदल झाला होता काय? नाही. कानात झाला होता काय? तोही नाही. एक नाव हाती आले आणि त्या नावाच्या दोऱ्यात मनाने सूर ओवून घेतले.

आता कोणी उत्साही कीर्तनकार म्हणेल की अमेरिकेत नाममहिमा सिद्ध झाला. असे म्हणू नये. तो प्रयोग एका गाण्याच्या नावाचा होता, भगवंताच्या नामाचा नव्हता. नामाला कोणाच्या प्रयोगशाळेच्या दाखल्याची गरज नाही. पण दृष्टांत म्हणून मात्र तो मोठा समर्पक आहे. आपल्या संसारातले सूरही असेच विखुरलेले असतात. एक दुःखाचा मंद्रात, एक सुखाचा तारात. त्यांत काही संगती आहे असे वाटतच नाही. नाम आधी हाती असले तर त्यातही कोणाची तरी चाल ऐकू येण्याचा संभव असतो, असे संतांच्या चरित्रांतून दिसते.

याच प्रयोगातून व्यवहाराची एक गोष्टही शिकावी. चालीचा चढउतार मोडला की ओळख मोडते. परंपरेचा अभंग नव्या, सिनेमाच्या वळणाच्या चालीत म्हणण्याची हौस पुष्कळांना असते. नवी चाल लावणे हे पाप नव्हे. आजच्या जुन्या चालीही एके काळी नव्याच होत्या. परंतु नवी शिकताना जुनी टाकू नका. ती का, हे पुढे सांगतो.

संस्कार पडतो केव्हा आणि पुसतो केव्हा

ओळखीची सुरुवात आपल्याला वाटते त्याहून फार आधी होते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील पीटर हेपर यांनी १९८८ आणि १९९१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. गरोदरपणी रोज दूरदर्शनवरची एक मालिका पाहणाऱ्या बायांची बाळे दोन ते चार दिवसांची असताना त्यांना त्या मालिकेची धून ऐकवली. बाळांचे हातपाय हलवणे कमी झाले, हृदयाची गती उतरली, ती सावध होऊन ऐकू लागली. अनोळखी धुनेला असे झाले नाही. आईच्या उदरात असतानाच ओळख झाली होती.

गर्भसंस्काराच्या गोष्टी आपण भक्तिभावाने सांगतोच. पण याच अभ्यासाचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. बाळे एकवीस दिवसांची झाल्यावर पाहिले, तेव्हा ती ओळख आढळली नाही. संस्कार लवकर पडतो, आवृत्ती थांबली की पुसटही होतो. म्हणून पोटात असताना हरिपाठ ऐकवला आणि जन्मानंतर घरात केवळ भांडणे ऐकवली, तर त्या हरिपाठाचा भरवसा धरू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या आया काही देवाचे गाणे ऐकत नव्हत्या, मालिका पाहत होत्या. कानावर जे वारंवार पडेल ते मेंदू साठवतो. त्याला देवाचे आणि बाजाराचे असा भेद कळत नाही. निवड त्याची नाही, आपली आहे. घरात दिवसभर काय वाजत असते याचा हिशेब ज्याने त्याने आपल्याशी करावा.

‘रोज तेच तेच कशाला?’

येथे तरुण मंडळींची एक शंका असते. ‘रोज तोच हरिपाठ, तीच भजनाची मालिका, कंटाळा नाही का येत?’ प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर असे की ओळखीच्या गाण्यात एक आनंद असा आहे, जो नव्या गाण्यात मिळत नाही. तो पुढचे ठाऊक असण्याचा आनंद. कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी २०११ साली दाखवले की अंगावर रोमांच आणणारे आवडते संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य स्रवते. ते केवळ आनंदाच्या ऐन क्षणी स्रवते असे नाही. तो क्षण जवळ येत असता, त्याची वाट पाहण्यातही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात ते स्रवते. अंतरा चढत जातो, आता ध्रुपद येणार हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि आल्यावर टाळांचा एकच गजर होतो. ज्याला ध्रुपद ठाऊक नाही, त्याला वाट पाहण्याचे सुख कोठले?

तरीही शंकेतला एक अंश मान्य केला पाहिजे. ओळख आपोआप होते म्हणूनच मनाला पळायला वाव मिळतो. तोंड अभंग म्हणते, हात टाळ वाजवतात, आणि मन उसाच्या बिलाचा हिशेब करीत असते. तेव्हा ओळखीवर थांबू नये. मेंदूने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात आपले काम केले. त्यानंतर तो अभंग संपेपर्यंत जे चित्त देणे आहे ते आपले काम आहे.

विसरलेल्यांच्या घरी

आता ज्यासाठी हा सारा विषय काढला, त्या गोष्टीकडे वळू. पुष्कळ घरांत असे एखादे म्हातारे माणूस असते, ज्याची आठवण हळूहळू जात आहे. आजी मुलाला भाऊ समजते, सुनेला ‘तू कोणाची गं?’ म्हणून विचारते, आत्ताच जेवली हे विसरते. डॉक्टर याला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचाच एक पुष्कळ आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा रोग. घरची माणसे थकतात आणि एक दिवस म्हणतात, ‘ती आपल्याला ओळखतच नाही, तिच्यापाशी बसून काय उपयोग?’

भाविकहो, येथे फार सावधपणे ऐका. जर्मनीत लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीर्घकाळ ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात ते त्यांनी निरोगी माणसांत पाहिले आणि मग अल्झायमरच्या रोग्यांत त्या भागांची काय स्थिती आहे ते तपासले. मेंदूचे इतर भाग झिजत असता हे भाग पुष्कळ कमी झिजलेले आढळले. त्यांतला एक भाग तर हातापायांच्या हालचालींचा बेत आखणाऱ्या भागांपैकी आहे. टाळ वाजवीत, पावली खेळत शिकलेले भजन ज्यांच्या अंगी मुरलेले असते, त्यांना याचे नवल वाटणार नाही.

इंग्लंडमधले क्लाइव्ह वेअरिंग या संगीतज्ञांचे उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. १९८५ साली मेंदूला सूज आणणाऱ्या आजाराने त्यांची आठवण अशी गेली की काही सेकंदांपूर्वीचेही राहीना. पत्नी खोलीबाहेर जाऊन परत आली की युगायुगांनी भेटल्यासारखा आनंद होई. अशा स्थितीतही ते पेटीच्या जातीच्या पियानोवर बसले की वाजवू शकत, गायकांच्या मेळ्याला हाताने इशारे देऊन गाववू शकत. गाण्याच्या एका सुरातून दुसरा सूर त्यांना धरून पुढे नेई. गाणे संपले की पुन्हा अंधार.

यातून दोन गोष्टी घ्याव्यात. एक, आजी नाव विसरली म्हणजे आतले सगळेच गेले असे नाही. दुसरी, गाण्याने तिचा आजार बरा होईल अशी आशाही कोणी दाखवू नये. अभंग म्हटल्यावर ती ओठ हलवील, कदाचित टाळी धरील, कदाचित काहीच करणार नाही. तेवढ्या वेळापुरती तिला एक ओळखीची जागा मिळेल. ज्याला सगळे जगच परके झाले आहे, त्याला घडीभर ओळखीची जागा मिळणे ही लहान गोष्ट नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. त्या माणसापाशी बसावे आणि स्वतः म्हणावे; मोबाइल लावून देऊन उठून जाऊ नये. ‘हा कोणाचा अभंग, सांग पाहू?’ अशी परीक्षा घेऊ नये. त्याला स्मृती लागते आणि तीच तर गेलेली आहे. तिने ज्या जुन्या चालीत ऐकले त्याच चालीत म्हणावे. जुन्या चाली टाकू नका असे मघाशी म्हटले ते एवढ्याचसाठी. माणसाला दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे कानी पडले ते विशेष टिकते, हे लक्षात ठेवावे. त्रास होतो असे दिसले तर थांबावे.

आणि शेवटची गोष्ट थोडी अवघड आहे. आजीच्या तरुणपणी तिच्या कानी अभंग नसतील, जात्यावरच्या ओव्या असतील, एखादे नाट्यपद किंवा सिनेमाचे गाणेही असेल. मग ते म्हणावे. वारकऱ्याच्या घरात हे कसे, असा संकोच धरू नये. त्या घडीला आपली आवड मिरवायची नसते, तिची ओळख शोधायची असते. समोरच्या देहात पांडुरंग आहे असे आपण म्हणतो ना? मग त्याला आवडेल ते त्याला ऐकवणे हीच पूजा झाली.

तात्पर्य

आज ज्यांची आठवण शाबूत आहे अशा वडीलधाऱ्यांना एकदा बसून विचारा, ‘तुमच्या लहानपणी घरात काय म्हणत असत? कोणत्या चालीत?’ ते शिकून घ्या, मुलांना शिकवा. आणि आपल्या घरात रोज ठरल्या वेळी, एकत्र बसून, एक तरी अभंग एकाच चालीत म्हणण्याचा नेम धरा. लहान मूल त्यात नुसते लुडबुड करील, करू द्या. तरुण घाईने म्हणेल, म्हणू द्या. पन्नास-साठ वर्षांनी त्यांतल्या कोणाला आपले नाव आठवेनासे होईल हे आज सांगता येत नाही. त्या वेळी त्याच्या उशाशी बसणाऱ्याला ती चाल ठाऊक असावी, एवढी तजवीज मात्र आजच करता येते.

॥ रामकृष्णहरि ॥